स्पेक्ट्रमवरचा डेमो अॅमस्ट्रॅडवर नेताना

गेले दोन महिने सेकंड शिफ्ट संपवून बेळगावच्या उद्यमबाग इंडस्ट्रियल इस्टेटमधनं घरी आलं की जेवण आणि मग रात्री दीडपर्यंत एकच उद्योग. आईनं परवा शेवटी विचारलंच, "काय करालास रे रोज रात्री, नुसते रंगाचे ढग हलवालास?" आता तिला काय सांगणार, खरं तर तेच करालोय, फक्त एका मशीनवरचे ढग दुसऱ्या मशीनवर न्यालोय.

ज्यांना डेमोसीन माहीत नाही त्यांच्यासाठी थोडक्यात, जुन्या कॉम्प्युटरकडनं त्याच्या ऐपतीपेक्षा भारी चित्रं आणि संगीत कोडमधनं काढून घ्यायचं, हा युरोपातला १९८० च्या दशकातला नाद. क्रॅक केलेल्या गेमच्या पुढं जोडलेल्या छोट्या इंट्रोंपासनं सुरू झाला, आणि २०२० मध्ये फिनलंडनं तो चक्क आपल्या जिवंत वारशाच्या यादीत घातला. मला लागण झाली मामाच्या डीबी स्पेक्ट्रम प्लसमुळं, ब्रिटिश सिंक्लेअर कंपनीचं लायसन घेऊन भारतात बनवलेला तो स्पेक्ट्रम, ऐंशीच्या दशकातला घरगुती कॉम्प्युटर. तो आता चालत नाही, पण नाद राहिला.

तर मी स्पेक्ट्रम १२८ साठी एक छोटा डेमो केला होता, वर प्लाझ्मा, म्हणजे आई म्हणते ते रंगाचे हलते ढग, खाली मराठी अक्षरांचा स्क्रोलर, म्हणजे सरकत जाणारी ओळ, मागं एवाय या आवाजाच्या चिपवर धून. तो अॅमस्ट्रॅड सीपीसी ४६४ या त्याच काळातल्या दुसऱ्या घरगुती कॉम्प्युटरवर न्यायचा ठरवला. शिफ्टमधल्या एका दोस्ताला सांगितलं, तर तो म्हणाला, "एरडू ओंदे अल्ला? (दोन्ही एकच ना?) दोन्हीत झेड-८० प्रोसेसरच आहे की, मग काय कॉपी मार आणि मोकळा हो." मलाही तसंच वाटलेलं. पण शॉपमध्ये फॅनुक कंट्रोलच्या सीएनसी मशीनवरचा प्रोग्राम तसाच उचलून सीमेन्सच्या कंट्रोलला घातला तर काय होतं हे आम्हा दोघांनाही चांगलं माहीत आहे, तरी रात्री घरी बसलं की अक्कल शॉपमध्येच राहते.

स्पेक्ट्रमचा झेड-८० साधारण ३.५ मेगाहर्ट्झचा, अॅमस्ट्रॅडचा ४, म्हणजे कागदावर अॅमस्ट्रॅड पुढं. पण तिथला गेट अॅरे ही चिप प्रोसेसरला असं थांबवत थांबवत चालवते की प्रत्येक इन्स्ट्रक्शनचा वेळ पूर्ण मायक्रोसेकंदात वाढवला जातो. पुश, म्हणजे दोन बाइट मेमरीत टाकणारी इन्स्ट्रक्शन, स्पेक्ट्रमवर ११ टी-स्टेटची (टी-स्टेट म्हणजे प्रोसेसरच्या घड्याळाचा एक ठोका), इथं ४ मायक्रोसेकंद म्हणजे १६. एलडीआय, एक बाइट कॉपी करणारी, १६ ची २० होते. रोज सायकल टाइममधनं अर्धा-अर्धा सेकंद काढणाऱ्या माणसाला हे बघून पोटात गोळाच येतो.

आणि खरी गोम स्क्रीनमध्ये. स्पेक्ट्रमवर चित्राचे ६,१४४ बाइट आणि रंगाचे वेगळे ७६८, आठ बाय आठच्या चौकटीला एक बाइट. माझा प्लाझ्मा फक्त त्या ७६८ मध्येच खेळायचा, म्हणून फ्रेमच्या, म्हणजे पडद्यावरच्या एका चित्राच्या, ७०,९०८ टी-स्टेटमध्ये आरामात बसायचा. अॅमस्ट्रॅडला असली वेगळी रंगाची वही नाहीच, रंग पिक्सेलच्या बाइटमध्येच असतो. स्क्रीन कापून ३२ बाय २४ चौकटींची केली तरी एका चौकटीला १६ बाइट, एकूण १२,२८८. नुसत्या पुशनं भरायला २४,५७६ मायक्रोसेकंद, आणि अख्खी फ्रेम १९,९६८ ची! मग एक ओळ आड काळी ठेवली, अर्धं काम, १२,२८८ मायक्रोसेकंद. उरले ७,६८०, म्हणजे चौकटीमागं बरोब्बर १०, त्यात साइन टेबलमधनं रंग काढायचा आणि धूनही वाजवायची. कागदावर हा हिशोब एवढा चपखल आला की मी हसत बसलो, कारण चालणार काहीच नव्हतं.

तीन आठवडे हट्टानं ते दाबत बसलो. मग लक्षात आलं की मी स्पेक्ट्रमचा जुगाड अॅमस्ट्रॅडवर लादालोय. स्पेक्ट्रमला बदलता येणारी पॅलेट, म्हणजे रंगांची यादी, नाही म्हणून तो जुगाड जन्माला आला. अॅमस्ट्रॅडला २७ रंगांतनं १६ निवडून हवे तेव्हा बदलता येतात. मग मोड झिरोमध्ये, म्हणजे १६ रंगांच्या स्क्रीनवर, ढग एकदाच काढले आणि नुसत्या इंक, म्हणजे त्या यादीतले रंग, फिरवत बसलो, फ्रेममागं काही शे मायक्रोसेकंद, संपलं. शिवाय तिथं इंटरप्ट, म्हणजे प्रोसेसरला मध्येच थांबवून दुसरं काम करायला लावणारे इशारे, सेकंदाला ३०० येतात, फ्रेममध्ये सहा, दर ५२ ओळींनी एक, मग प्रत्येक पट्ट्यात पॅलेट एक घर सरकवली. ढग आता वाकत नाहीत, वाहतात. मूळ डेमो तो हा नव्हे असं कुणी म्हणालं तर मान्य आहे. बेळगावातला माणूस पुण्यात जाऊन "काय करालास" म्हणाला की चार माना वळतातच, भाषा तीच असून.

मध्ये एक गंमत झाली. स्पेक्ट्रमवर 'बॉर्डर' नावाची कमांडच आहे, स्क्रीनच्या कडेचा रंग बदलायची. चहाच्या गाड्यावर मी दोस्ताला म्हणालो, बॉर्डरचा प्रॉब्लेम दोन महिने सुटेना झालाय. शेजारचे एक काका गंभीर होऊन म्हणाले, "दोन महिने? आमचं १९५६ पासनं चाललंय बाळा."

धुनीचं मात्र सोपं निघालं. चिप तीच एवाय, पण स्पेक्ट्रममध्ये तिला १.७७३४ मेगाहर्ट्झचं घड्याळ, अॅमस्ट्रॅडमध्ये १ चं. स्वरांच्या आकड्यांचं टेबल न बदलता वाजवली तर सगळं जवळजवळ दहा अर्धस्वर खाली, म्हणजे मधला सा मंद्रातल्या रे वर जाऊन बसतो. आई भजनाला जाते, तिनं स्वयंपाकघरातनंच ओरडून विचारलं, "पेटी भिजली काय रे?" ४४० हर्ट्झच्या स्वराला स्पेक्ट्रमवर २५२ हा आकडा लागतो, इथं १४२. एक टेबल नवीन केलं, झालं.

आता उरलाय स्क्रोलर. मोड झिरोचे पिक्सेल इतके रुंद की माझी सोळा ओळींची देवनागरी फुगलेल्या भाकरीसारखी दिसायला लागली, म्हणून खालच्या पट्ट्यात फ्रेम चालू असतानाच मोड वन लावलाय, रंग चारच, पण अक्षर नीट. इंटरप्ट मला हवा त्या ओळीवर येत नाही म्हणून मध्ये वेळ काढणारं लूप घातलंय, आणि ते कुठंतरी थोडं चुकतंय, एक ओळ कधी या मोडची कधी त्या मोडची होते. एमुलेटरवरच, म्हणजे आजच्या कॉम्प्युटरवर जुन्या मशीनची नक्कल करणाऱ्या प्रोग्रामवर, बघालोय, खरा अॅमस्ट्रॅड मी आयुष्यात हातात घेतलेला नाही.

काल रात्री आई पाणी प्यायला उठली, मागं उभी राहून स्क्रोलर वाचत होती. "बेळगाव लिवलास होय. ते ळ चं डोकं का थरथरालंय?"

म्हटलं, उद्या बघतो.

"उद्याच बघ. मी झोपतो, लाईट घालव."