ग्रामसभेला या, आणि विषय लेखी द्या
आमच्याकडे शाळेजवळची गटार तुंबून पाणी रस्त्यावर येतंय, पोरं चपला हातात घेऊन कडेकडेने जातात, आणि व्हॉट्सअॅप ग्रुपवर रोज फोटो पडतात, खाली रागाचे इमोजी, बस. 15 ऑगस्टची ग्रामसभा जवळ आलीय म्हणून कळकळीने सांगतेय, या वेळी या सगळे. नुसतं बोललेलं हवेत जातं हो, विषय आधीच ग्रामपंचायत अधिकाऱ्यांकडे (पूर्वीचे ग्रामसेवक) लेखी द्या आणि पोच घ्या, शिक्का अन् तारीख बघूनच घरी परता. कोरमला, म्हणजे सभा चालायला लागणाऱ्या किमान हजेरीला, 15 टक्के मतदार किंवा 100 जण, यातला कमी असेल तो आकडा लागतो, म्हणजे आपल्या दोन-तीन गल्ल्या जरी आल्या तरी सभा तहकूब होणार नाही! बायकांनी तर आधीच्या महिला सभेतच हे मांडायचं, तिथे मोकळं बोलता येतं. ठराव झाला की प्रोसिडिंग बुकात (सभेची नोंदवही) नेमकं काय लिहिलंय ते तिथेच वाचून घ्या, हे फार महत्त्वाचं आहे, कारण पुढे सगळं त्या कागदावरच चालतं. तरीही काम हललं नाही तर माहिती अधिकाराचा अर्ज टाकू, 10 रुपये फी, 30 दिवसांत उत्तर द्यावं लागतं. सभेत द्यायच्या विषयाचा अर्ज लिहून तयार आहे, सहीसाठी झेंडावंदनाच्या आधी कधीही घरी या.