चष्मा होता त्यांना

अवयवदान समन्वयक म्हणून नोकरीला लागले तेव्हा माझी बॅग माहितीपत्रकांनी भरलेली असायची आणि तोंड आकड्यांनी. एका माणसामुळे आठ जणांना जीवदान, वगैरे. पहिल्याच वर्षी आयसीयूबाहेर एका पेशंटच्या भावाला हे सगळं मी दम न घेता ऐकवलं. तो शांतपणे म्हणाला, "ताई, तुमचं झालं का?" आणि उठून गेला. दान झालं नाही, त्याचं एवढं काही नाही. पण त्याला मी धड रडूही दिलं नाही, हे अजून सलतं.

गेल्या पावसाळ्यातली केस. कुटुंब लालबागच्या चाळीतलं. पंचेचाळिशीचा मुलगा बाईक घसरून पडला, मेंदूत रक्तस्राव. १९९४ च्या अवयव प्रत्यारोपण कायद्यानुसार मेंदूमृत्यूची तपासणी दोनदा करावी लागते, मध्ये किमान ६ तास, आणि चार डॉक्टरांच्या सह्या. त्यातली ॲप्निया टेस्ट बघण्यासारखी असते. व्हेंटिलेटर बाजूला काढतात, नळीतून ऑक्सिजन चालू ठेवतात आणि रक्तातला कार्बन डायऑक्साइड वाढू देतात. मेंदूच्या देठात धुगधुगी असेल तर शरीर श्वास घेण्याची धडपड करतं. आठ-दहा मिनिटं सगळे नुसते छातीकडे बघत उभे. एरवी सतत फोनवर असलेले कन्सल्टंटसुद्धा. गप्प राहायला मी शिकले असेन तर त्या बेडशेजारी.

दुसरी टेस्ट संध्याकाळी झाली. छोट्या खोलीत वडील, बायको, धाकटा भाऊ, आमचा रेसिडेंट डॉक्टर आणि मी. वडील गिरणीत साळखात्यात, म्हणजे विणकामाच्या विभागात होते. साच्यांच्या आवाजात कान गेलेले, ते समोरच्याच्या ओठांकडे बघतात. त्यांच्या मांडीवर हॉस्पिटलने दिलेली प्लास्टिकची पिशवी होती. त्यात मुलाचं घड्याळ, मोबाईल आणि एक काच तडकलेला चष्मा.

"काका, तो गेलाय," मी म्हटलं. "छाती हलतेय ती मशीनमुळे."

एवढंच. मृत्यूची बातमी आणि दानाचा विषय एका श्वासात काढायचा नाही, हा आमच्या कामातला पहिला धडा. बऱ्याच वेळाने भावानेच विचारलं, आता पुढे काय? तेव्हा सांगितलं की अवयवदान करता येतं, नको म्हणालात तरी चालेल. आणि थांबले.

हे थांबणं दिसतं तितकं सोपं नाही. पिशवीतला मोबाईल थरथरला, स्क्रीन उजळला, विझला. कोणी हात लावला नाही. पुन्हा थरथरला. काका अंगठ्याने पिशवीची कड सरळ करत होते, एकदा इकडून, एकदा तिकडून. भिंतीवरच्या घड्याळाकडे बघायचं नाही असं मी ठरवलेलं असतं, कारण आपली नजर तिकडे गेली की समोरच्याला घाई वाटते. रेसिडेंट बिचारा तरुण, त्याला राहवेना. त्याने तोंड उघडलं आणि मी टेबलाखाली त्याचा पाय दाबला. बऱ्यापैकी जोरात. नंतर माफी मागितली.

दोन दिवसांत एक शब्द न बोललेली बायको भिंतीकडे बघत म्हणाली, "चष्मा होता त्यांना. डोळे चालतील का?"

"चालतात," मी म्हणाले. नंबर असला तरी कॉर्नियाला काही होत नाही, हे सगळं जिभेवर आलं होतं. गिळलं.

काकांनी आमच्या दोघींच्या तोंडाकडे पाहिलं. त्यांना काही कळलं नव्हतं. तिने त्यांच्याकडे वळून आपल्या डोळ्यांना बोट लावलं, मग ओंजळ पुढे केली. ते तिच्या हातांकडे बघत राहिले. मग पिशवीची गाठ सोडली, चष्मा बाहेर काढला, धोतराच्या सोग्याने धड असलेली काच पुसली आणि तिच्या ओंजळीत ठेवला.

फॉर्म ८, नातेवाइकांच्या संमतीचा, माझ्या फाईलमध्ये होता. तो मी आणखी थोडा वेळ तिथेच राहू दिला.