अर्ध्याची मालकीण

‘तुमच्या गोव्यात समान नागरी कायदा आहे म्हणे. मग बायकांना सगळं बरोबरीनं मिळतच असेल, नाही?’

कोल्हापूरला नणंदेकडे गेले की तिच्या शेजारणी हे विचारतात. पुण्याच्या भाचीनं विचारलं, रेल्वेत समोर बसलेल्या बेळगावच्या एका बाईंनी विचारलं. २०२४ साली उत्तराखंडनं स्वतःचा असा कायदा केला, तेव्हापासून तर फारच. मी नुसतं ‘हो’ म्हणून सोडून देत असे. पण फोंड्याला एका वकिलांच्या कार्यालयात चौतीस वर्षं दस्त टाइप करून मी २०१९ साली निवृत्त झाले. हा कायदा माझ्या बोटांखालून गेलाय. तुम्ही विचारलंत म्हणून आता नीट सांगते.

कायदा आहे, आणि चांगला आहे. पोर्तुगालची १८६७ची नागरी संहिता १८७० पासून गोव्याला लागू झाली. १९६१च्या डिसेंबरात गोवा मुक्त झाला आणि १९६२च्या कायद्यानं ती तशीच चालू ठेवली. लग्नाआधी वेगळा करार केला नसेल, तर लग्न झाल्यापासून नवऱ्याच्या आणि बायकोच्या नावावरची सगळी मालमत्ता दोघांची, अर्धी अर्धी. मुलगा आणि मुलगी वारस म्हणून सारखे. बाप रागावला, लहरीवर गेला, तरी मृत्युपत्रानं आपल्या वाट्याचा अर्धाच भाग हवा त्याला देऊ शकतो, उरलेला मुलांचा राहतो. हे हिंदूला, ख्रिश्चनाला आणि मुसलमानाला सारखंच. १९३७चा शरियत कायदा इथं लागूच झालेला नाही, त्यामुळे गोव्यातल्या मुसलमान बाईचाही नवऱ्याच्या मालमत्तेत अर्धा वाटा असतो. घर विकायचं तर खरेदीखतावर बायकोची सही लागते. किती नवरे या सहीपाशी अडलेले मी पाहिले, किती घरं त्या एका सहीमुळे वाचली, त्याची मोजदाद नाही. त्या संहितेबद्दल मला मनापासून आदर आहे.

पण माझ्या आईची गोष्ट ऐका.

माझे वडील १९९४ साली वारले. दहाव्या-बाराव्यानंतर भाऊ आईला घेऊन आमच्या कार्यालयात आला. थोडी भातशेती, पोफळी-माडांचं कुळागर आणि राहतं घर, एवढंच होतं. आमच्या वकीलसाहेबांनी आईला समजावलं की यातलं अर्धं तुमचंच आहे, ते वाटणीत येतच नाही, उरलेल्या अर्ध्याचे चार वाटे होतील, चार मुलांचे. आई म्हणाली, म्हणजे हे गेल्यावर अर्धं माझं झालं. साहेब म्हणाले, नाही, लग्न झालं त्या दिवसापासून तुमचं होतं.

आईचं लग्न १९५८ सालचं. छत्तीस वर्षं तिनं बांगड्या भरायच्या तरी वडिलांकडे पैसे मागितले होते. नारळांचे आणि सुपारीचे पैसे हिशेबाच्या वहीत जायचे आणि ती वही वडिलांच्या पेटीत असायची. पेटीची किल्ली जानव्याला. आई थोडा वेळ गप्प बसली आणि माझ्याकडे वळून म्हणाली, ‘मागीर हें म्हाका कोणेंच कित्याक सांगूंक ना?’ मग हे मला कुणीच का सांगितलं नाही?

मी त्या कार्यालयात नऊ वर्षं काम करत होते. दुसऱ्यांच्या बायकांना रोज हेच समजावून सांगत होते. मीही सांगितलं नव्हतं.

वडील काही वाईट नव्हते. कायद्यानंच त्यांच्या हाती वही दिली होती. त्या संहितेत मालकी दोघांची, पण मालमत्तेचा कारभार नवऱ्याकडे. पोर्तुगालनं ती संहिता १९६६ साली बदलली, आणि १९७७ साली कुटुंबात नवऱ्याचा वरचढ अधिकारही काढून टाकला. आम्ही जुनीच उराशी धरून बसलो आणि तिच्यावर भाषणं करत राहिलो. मला सगळ्यात जास्त खुपतं ते हे. निवडणूक आली की बाहेरून येणारे पुढारी गोव्याच्या कायद्याचं कौतुक करतात. सप्टेंबर २०१९मध्ये सर्वोच्च न्यायालयानंही आपल्या निकालपत्रात गोव्याचं उदाहरण गौरवानं दिलं. कौतुक करणाऱ्या किती जणांनी ती कलमं शेवटपर्यंत वाचली असतील?

सगळं सारखं आहे असंही नाही. हिंदूंसाठी १८८०चा एक हुकूम आहे. बायकोला पंचविसाव्या वर्षापर्यंत मूल झालं नाही, किंवा तिसाव्या वर्षापर्यंत मुलगा झाला नाही, तर नवऱ्याला दुसरं लग्न करायची मुभा त्यात आहे. असं लग्न नोंदवलेलं मी एकदाही पाहिलं नाही, पण मुलगा न होणं हा बायकोचा दोष, हे कागदावर छापलेलं आहे. चर्चमध्ये लग्न करणाऱ्यांसाठी १९४६चा हुकूम वेगळा.

आणि सह्यांची गोष्ट तर बाहेरच्यांना ठाऊकच नसते. गोव्यात लग्नाच्या नोंदणीला दोनदा जावं लागतं. पहिली सही झाली की नोटीस लागते, हरकत आली नाही तर पुढे दुसरी सही, आणि तेव्हा कुठे कायद्यानं लग्न झालं. एक मुलगी आली होती, कडेवर वर्षाचं मूल, गळ्यात मंगळसूत्र. देवळात लग्न लागलेलं, गावजेवण झालेलं. पहिली सही केली होती. दुसरीला नवरा आज-उद्या करत राहिला आणि एके दिवशी तिला घराबाहेर काढलं. तिच्याकडे लग्नाचे फोटो होते, पन्नास माणसं साक्ष द्यायला तयार होती, भटजीसुद्धा. कायद्याच्या लेखी ती त्याची बायकोच नव्हती, म्हणून अर्ध्याचा प्रश्नच नव्हता. अशा चार-पाच जणी तरी मी पाहिल्या. शाळेत नागरिकशास्त्र शिकवतात त्यात ही दुसरी सही का शिकवत नाहीत, हे मला अजून समजलेलं नाही.

आता मुलींच्या वाट्याबद्दल. कायदा तो देतोच, बाप काढून घेऊ शकत नाही. म्हणून ती मुलगी स्वतःच सोडते. बाप जिवंत असताना त्याच्या वारशाचा हक्क सोडता येत नाही, म्हणून मरणानंतर बहिणींना बोलावणं येतं. आमच्याकडे माहेराला कुळार म्हणतात. ‘सही मार गो, कुळार खंय वता तुजें?’ हे वाक्य मी हजारदा ऐकलं असेल. सही कर गं, माहेर काय कुठं पळतंय. भावाचं बोलणं कधी कठोर नसतं, तो बहिणीला रिक्षानं घेऊन येतो, वाटेत चहा पाजतो. त्याचा मुद्दाही असतो: बहिणीला मिळालेलं तिच्या नवऱ्याशी अर्धं होणार, म्हणजे कुळागर जावयाच्या घरात जाणार. जावयालाही सही करावी लागते, तो बाजूला घड्याळ बघत उभा असतो.

दस्त इंग्रजीत. वाचून दाखवायचं काम माझं. त्यात ठरलेलं एक वाक्य असतं, की मी हा हक्क स्वखुशीनं, कोणाच्याही दडपणाविना सोडत आहे. ते मी कोकणीत सांगितलं की बायका मान डोलवायच्या आणि पेन मागायच्या. एकच बाई, शिरोड्याकडची, म्हणाली, ‘खुशी बरोवं नाका, बाकीचें बरय.’ खुशी लिहू नकोस, बाकीचं लिही. ते वाक्य काढता येत नव्हतं. तिनं सही केली.

कोर्टात इन्व्हेंटरी, म्हणजे वारसांच्या वाटणीचा अर्ज, घातली तरी सरळ नसतं. वारसांमध्ये आपसात बोली लागते. ज्याच्या हाती रोख पैसा त्याला घर, बाकीच्यांना त्यांच्या वाट्याची रक्कम. ज्या बाईनं आयुष्यात हिशेबाची वही पाहिली नाही, ती बोली कशी लावणार?

देवळांचं पाहा. आमच्या फोंडा तालुक्यात कवळ्याची शांतादुर्गा, म्हार्दोळची म्हाळसा, बांदोड्याची महालक्ष्मी, शिरोड्याची कामाक्षी. सगळ्या देवीच. पण देवस्थानांचा कारभार १९३३च्या नियमावलीप्रमाणे महाजनांकडे, म्हणजे देवस्थानाच्या वंशपरंपरागत सभासदांकडे, आणि मी पाहिलेल्या देवस्थानांत महाजनकी बापाकडून मुलाकडे जाते. माझ्या भाच्याचं नाव यादीत चढलं तेव्हा घरात गोडधोड झालं. माझी मुलगी त्याच्याहून मोठी आणि रोज देवळात जाणारी, तिचं नाव कुठं चढणार? गावच्या कोमुनिदादींत, म्हणजे गावाची सामायिक जमीन सांभाळणाऱ्या जुन्या संस्थांतही तसंच, गांवकार, म्हणजे सभासद, पुरुषच आणि जोण, म्हणजे उत्पन्नाचा वाटा, त्याला. शेतात लावणीला वाकणाऱ्या मात्र बायका. धर्म हे सांगतो असं मला कुणी म्हणू नये. देवीनं कुठं लिहून ठेवलेलं नाही. ही नियमावली सरकारी आहे आणि सरकार ती बदलू शकतं.

बदलणार कोण? चाळीस जणांच्या विधानसभेत २०२२ साली तीन बायका निवडून आल्या, आणि तिघींचेही नवरे त्याच सभागृहात. त्यांच्या कर्तबगारीबद्दल मला बोलायचं नाही, पण ज्या बाईच्या घरात आमदार नाही तिला तिकीट कोण देतं? मी बारा वर्षांची असताना, १९७३च्या ऑगस्टमध्ये, गोव्याचे पहिले मुख्यमंत्री भाऊसाहेब बांदोडकर वारले आणि शशिकलाताई काकोडकर मुख्यमंत्री झाल्या. शाळेत बाईंनी फळ्यावर त्यांचं नाव लिहिलं तेव्हा आम्ही मुली एकमेकींकडे बघत राहिलो होतो. १९७९ साली ते सरकार गेलं. त्यानंतर आजवर गोव्याला बाई मुख्यमंत्री मिळालेली नाही.

एक गोष्ट मात्र त्या सरकारांच्या नावानं मी कायम सांगेन. भाऊसाहेबांनी गावोगाव मराठी प्राथमिक शाळा काढल्या. आमच्या वाड्यापासून शाळा दहा मिनिटांवर आली, म्हणून मी शिकले. लांब असती तर वडिलांनी पाठवलं नसतं. आई अंगठा लावायची. अर्ध्याची मालकीण दोघींपैकी आधी ती होती, पण कागद वाचता आला तो मला. २०१२ पासूनच्या गृहआधार योजनेचे महिन्याचे दीड हजार रुपये आज बायकांच्या स्वतःच्या खात्यात येतात. त्याला कुणी नावं ठेवली तर मी भांडते. पेटीची किल्ली जानव्याला असलेल्या घरात मी वाढले आहे.

माझ्या सहीची गोष्ट सांगायची राहिली. १९९४ साली मी आणि बहिणीनं वडिलांच्या मालमत्तेतला आमचा वाटा, एकेकीचा आठवा हिस्सा, भावांना सोडून दिला. तो दस्त मीच टाइप केला होता, स्वखुशीनं या शब्दासकट. आईचं अर्धं आईकडेच राहिलं. दोन वर्षांपूर्वी ती गेली. मोठ्या भावाचा फोन आला, बहिणीला घेऊन अमुक दिवशी ये, कागद तयार आहे. मी म्हटलं, आईचा वाटा मी सोडणार नाही. तो म्हणाला, तुला काय कमी आहे? मी म्हटलं, कमी नाही.

बहिणीनं सही केली. मी इन्व्हेंटरीचा अर्ज घातला.

दर चवथीला माझ्या घरच्या माटोळीसाठी, म्हणजे गणपतीवर बांधायच्या फळांच्या मांडवीसाठी, नारळ आणि सुपारीचे घोस कुळारहून यायचे, भाऊ स्वतः आणून द्यायचा. यंदा मी ते फोंड्याच्या बाजारातून घेतले. पुढची तारीख सोमवारची आहे.