ड्राय सोल्डर

आईचा स्वयंपाकघरातला रेडिओ गेले दोन महिने थापेवर चालत होता. सकाळी उठून बटण फिरवायचं, आवाज नाही, मग डाव्या अंगाला एक चापट, की लगेच आकाशवाणी सांगली सुरू. आईला त्याची इतकी सवय झालेली की ती एका हातानं चहाचं आधण ठेवायची आणि दुसऱ्या हातानं चापट द्यायची. मी मागच्या रविवारी मिरजेला गेले तेव्हा म्हणाली, टाकून देते आता, नवीन घेऊ. मी म्हटलं थांब गं, चापट मारल्यावर चालू होतोय ना, म्हणजे आतलं काही गेलेलं नाही, जोड गेलाय. अण्णा त्यांच्या दुरुस्तीच्या दुकानात असताना गिऱ्हाइकाला हे एका वाक्यात सांगायचे, "ड्राय सोल्डर आहे, संध्याकाळी न्या." सोल्डर म्हणजे तारा जोडायला वितळवून लावतात तो कथिलाचा मिश्रधातू, आणि त्याचा जोड वरून धरलेला दिसतो पण आतून सुटलेला असतो, तेव्हा तो ड्राय.

मागचं झाकण काढलं, भिंग घेतलं आणि उजेडात बोर्ड उलटा धरला. आवाजाच्या बटणाचे तीन पाय बोर्डातून मागच्या बाजूला येतात, त्यातल्या मधल्या पायाभोवती केसापेक्षा बारीक काळी गोल रेघ. बाकीचे सोल्डर चकचकीत आणि हा एकच मळकट राखाडी. ही रेघ म्हणजे चीर असते. रोज बटण फिरवताना पाय किंचित हलतो, त्यात गॅसच्या जवळ ठेवलेला रेडिओ, रोज तापतो आणि निवतो, तांबं वेगळं पसरतं आणि सोल्डर वेगळं पसरतं, अशी पंधरा वीस वर्षं गेली की पायाभोवती बरोब्बर गोल भेग पडते. नुसत्या डोळ्यांना जोड शाबूत दिसतो, पण आत हवा असते.

सोल्डरिंग मी अण्णांकडून शिकले, तेव्हा मी दहा वर्षांची असेन. पहिल्या दिवशी मी काय केलं तर गरम बिटावर, म्हणजे सोल्डरिंग आयर्नच्या टोकावर, सोल्डरची तार वितळवली आणि मेणबत्तीचं मेण पाडतात तसा थेंब दोन तारांवर पाडला. छान गोल गोळी बसली, मला वाटलं झालं. अण्णांनी नखानं टिचकी मारली आणि गोळी टेबलाखाली. मग म्हणाले, "पोरी, सोल्डर नको तापवूस, तार तापव. तार तापली की ते आपण होऊन येतंय." या धंद्यातलं सगळं शहाणपण या एका वाक्यात आहे असं मला आजही वाटतं, आणि यूट्यूबवर बघून शिकलेली पोरं सगळ्यात जास्त चुकतात ती इथेच.

कारण सोल्डर म्हणजे गोंद नव्हे. गोंद वरून चिकटतो. सोल्डरमधलं कथील वितळलं की तांबं त्यात थोडंसं विरघळतं आणि दोघांच्या मध्ये एक नवीनच थर तयार होतो, तांब्याचे 6 अणू आणि कथिलाचे 5 अशा हिशेबाचा. तो थर असतो काही मायक्रॉनचा, पण जोड म्हणतात तो तोच. तांबं स्वतः वितळतं 1085 अंशाला, त्याच्या आसपासही आपण जात नाही, तरी दोन्ही धातू एकमेकांत शिरतात. तार थंड असेल तर थर तयारच होत नाही, नुसती गोळी बसून राहते. आणि उलट फार वेळ तापवत बसलात तर थर जाड होतो आणि ठिसूळ होतो, म्हणजे जास्त केलं तरी वाईटच.

दुसरी गोष्ट स्वच्छतेची. तांब्यावर हवेनं कायम एक ऑक्साइडचा पापुद्रा असतो, त्यावर सोल्डर पसरत नाही, अळूच्या पानावरचं पाणी असतं तसं गोळा होऊन फिरतं. म्हणून पेस्ट लागते, किंवा तारेच्या पोटातच भरलेली राळ. राळ म्हणजे पाइनच्या झाडाचा चीक, टर्पेंटाइन काढल्यावर उरतो तो. गरम झाली की ती आम्लासारखी वागते, पापुद्रा खाऊन टाकते, आणि थंड झाली की गप्प बसते, म्हणून बोर्डावर राहिली तरी चालते. पत्र्याचं काम करणारे वेगळं वापरतात, मिठाच्या आम्लात (हायड्रोक्लोरिक) जस्ताचे तुकडे टाकून ते फसफसायचं थांबेपर्यंत ठेवतात आणि तेच लावतात, नाहीतर नवसागर. पत्र्याला ते उत्तम, पण रेडिओच्या बोर्डाला चुकूनही लावू नका, वर्षभरात तारा हिरव्या पडून तुटतात. आणि ॲल्युमिनियमच्या पातेल्याला साधं सोल्डर का धरत नाही असं लोक विचारतात तर त्याचंही कारण हेच, त्याचा पापुद्रा घासल्या घासल्या परत तयार होतो.

आमच्याकडे जुनी माणसं याला डाख लावणं म्हणायची. आजीच्या तांब्याच्या बंबाची तोटी गळायला लागली की डाख लावून आणायचे. मला लहानपणी कळायचं नाही की खाली जाळ असताना ते वितळत कसं नाही. पाणी आहे म्हणून. पाणी आत असेपर्यंत तांबं शंभर अंशाच्या फार वर जात नाही आणि कथील-शिशाचं सोल्डर वितळतं 183 ला. म्हणूनच आजी बंब पेटवायच्या आधी आत वाकून बघायचीच, पाणी नसताना एकदा जाळ लागला आणि तोटी गळून खाली पडली होती म्हणे.

हा 183 चा आकडा मला फार आवडतो. कथील एकटं 232 ला वितळतं, शिसं एकटं 327 ला, आणि 63 भाग कथिलात 37 भाग शिसं घातलं की दोघांच्याही खाली, 183 ला! आणि तिथे ते घट्टचं एकदम पातळ होतं, मध्ये लापशी होत नाही. 60-40 ची तार असते तिच्यात थोडी लापशी होते, 190 पर्यंत, आणि नेमका तेवढ्यात हात हलला की जोड खरखरीत होतो. ड्राय सोल्डर जन्मापासूनच असतं ते असं.

सोनारांचं काम याच्याच चुलत घरातलं, फक्त आच खूप जास्त. टाकणखार लावायचा, फुंकणीनं ज्योत वळवायची, आणि सोन्यातच चांदी-तांबं घालून केलेल्या डाखेनं जोडायचं. त्यात अडचण अशी की डाखेचा कस कमी, म्हणून अख्ख्या दागिन्याचा कस उतरतो. सराफांच्या पाट्यांवर केडीएम लिहिलेलं असायचं ना, ते कॅडमियमच्या डाखेमुळे. कॅडमियम थोडंसं घातलं तरी सोनं लवकर वितळतं, त्यामुळे कस जवळजवळ टिकतो. गिऱ्हाईक खूश, पण कॅडमियम 767 अंशाला उकळतं, त्याची वाफ कारागिराच्या फुप्फुसात जायची. केडीएम म्हणजे शुद्धतेचा शिक्का असं समजून आपण मिरवलं, आणि त्याची किंमत पेढीवर बसलेल्या माणसानं नाही, आत ज्योतीपुढे बसलेल्यानं मोजली. मला याचा खरंच राग येतो.

शिशाचंही तसंच, फक्त सावकाश. धूर निघतो तो शिशाचा नसतो, राळेचा असतो, बिट साडेतीनशे अंशाला असलं तरी शिसं त्यानं उडत नाही. पण राळेच्या धुरानंही दमा होतो, तेव्हा पंखा बाजूला हवाच. शिसं पोटात जातं ते हातावरून. अण्णा सोल्डरची तार दातात धरायचे, दोन्ही हात कामात म्हणून, आणि त्याच हातांनी दुकानात भाकरी खायचे. त्यांना कोणी सांगितलंच नाही. युरोपनं 1 जुलै 2006 पासून बहुतेक इलेक्ट्रॉनिक वस्तूंत शिसं बंद केलं, आता कारखान्यात कथील, थोडी चांदी आणि थोडं तांबं असं असतं, ते 217 च्या पुढे वितळतं. हाताला ते जरा जड जातं आणि जोड तितका चमकत नाही, म्हणून जुने कारागीर नाकं मुरडतात. पण घरात लहान मूल असेल तर बिनशिशाचीच तार आणा. आणि खाण्यापिण्याच्या भांड्याला शिशाचं काहीही लावू नका, कल्हई शुद्ध कथिलाची असते ती त्यासाठीच.

असो, रेडिओ. जुनं सोल्डर आधी काढून घेतलं, कारण तेच परत वितळवलं तर दोन महिन्यांत पुन्हा थाप. पाय ब्लेडनं हलके खरवडला, राळ लावली. बिट असं टेकवलं की पाय आणि त्याच्याभोवतीची बोर्डावरची तांब्याची चकती दोन्ही एकदम तापतील, मनात एक दोन म्हटलं आणि तार पलीकडच्या बाजूनं लावली, बिटाला नाही. ती ओढल्यासारखी आत गेली, पायाभोवती उतार धरून पसरली. आधी तार बाजूला, मग बिट, आणि मग तीन सेकंद हात अजिबात हलवायचा नाही. थिजताना एक क्षण असा येतो की आरशासारखी चमक किंचित बदलते, तो बघायला मी अजून श्वास धरते.

आईनं सकाळी सवयीनं चापट मारलीच. आवाज आधीच सुरू होता, तर म्हणाली, "हे काय, मोठा का वाजतोय?"

आणि हो, सोल्डरिंग बंद करताना बिट पुसून लख्ख करू नका. त्यावर ताजं सोल्डर थोडं जास्तच लावा आणि तसंच निवू द्या, नाहीतर पुढच्या वेळी ते काळं पडलेलं असतं आणि काहीच धरत नाही. अण्णांचं 25 वॉटचं आयर्न आहे ते मी अजून वापरते.