घरचा सर्व्हर: सिस्टिम डिस्कवर हरवलेले 45 जीबी

शनिवार, रात्री 10

आईचा फोन. "अगं, बारशाचे फोटो चढतच नाहीयेत, नुसतं गोल फिरतंय." फोटो ज्या घरच्या लिनक्स सर्व्हरवर जातात त्यात शिरून पाहिलं तर फोटो अ‍ॅपचा डेटाबेस बंद, आणि लॉगच्या, म्हणजे नोंदींच्या फाइलीच्या, शेवटच्या ओळीत डिव्हाइसवर जागा शिल्लक नसल्याची तक्रार. डिस्कची जागा दाखवणारं 'डीएफ -एच' मारलं: सिस्टिम डिस्क 108 जीबी, वापर 103, शिल्लक 0.

108 मधून 103 गेले तर 5 उरायला हवेत. ते आहेतच, पण ईएक्सटी4 ही फाइल सिस्टिम (डिस्कवरची फाइलींची मांडणी) बनवताना मूळ सेटिंगमध्ये 5 टक्के जागा रूट युजरसाठी, म्हणजे सगळे हक्क असलेल्या युजरसाठी, राखून ठेवली जाते. त्या जागेमुळेच डिस्क भरूनही सिस्टिम उभी होती आणि मला दुरुस्ती करता आली. म्हणून सिस्टिम डिस्कवर हा आकडा मी कधीच शून्य करणार नाही. डेटाची डिस्क वेगळी गोष्ट. 4 टीबीवर 5 टक्के म्हणजे तब्बल 200 जीबी, तिथे मी ट्यूनटूएफएस या कमांडने तो केव्हाच 1 टक्क्यावर आणलाय.

घाईत एक चूक केली. रिव्हर्स प्रॉक्सीचा (बाहेरच्या विनंत्या आतल्या अ‍ॅपकडे पोचवणारा प्रोग्राम) 4 जीबीचा लॉग दिसला, तो 'आरएम' या पुसायच्या कमांडने उडवला. परत डीएफ: 103. एक जीबीसुद्धा हलला नाही.

शनिवार, रात्री 11:30

चहा करून आणला आणि काहीही न उडवता फक्त मोजायचं ठरवलं. फाइलींचा आकार मोजणाऱ्या 'डीयू'ला '-एक्स' लावलं, म्हणजे ते दुसऱ्या डिस्कमध्ये शिरत नाही, आणि मुळापासून सगळं मोजलं. बेरीज 58 जीबी. डीएफ म्हणतंय 103, डीयू म्हणतंय 58. मधले 45 जीबी कुठे आहेत?

4 जीबी लगेच सापडले. पुसलेल्या पण अजून उघड्या फाइली दाखवणारं 'एलएसओएफ +एल1' चालवल्यावर माझाच उडवलेला लॉग यादीत दिसला, नावापुढे 'डिलीटेड'. फाइल पुसली तरी एखादा प्रोग्राम ती उघडी धरून बसला असेल तर नाव जातं, जागा सुटत नाही. प्रॉक्सी रीस्टार्ट केली, वापर 99 वर आला. असा लॉग मोकळा करायचा तर 'ट्रंकेट'ने शून्यावर आणावा, मग रीस्टार्टचीही गरज पडत नाही.

उरले 41. आयनोड (प्रत्येक फाइलीला लागणारी डिस्कवरची नोंद, त्यांची संख्या ठरलेली असते) संपलेत का तेही बघितलं, भरपूर शिल्लक होते. रात्री 1 वाजता झोपले.

रविवार, सकाळ

सकाळी डोक्यात आलं की डीयू फक्त दिसणाऱ्या फाइली मोजतं. एखाद्या फोल्डरवर दुसरी डिस्क माउंट केली, म्हणजे जोडली, असेल तर त्या फोल्डरात आधी पडलेलं सगळं खाली झाकलं जातं. मग रिकामा फोल्डर करून सिस्टिम डिस्कचा सगळ्यात वरचा फोल्डर तिथे 'बाइंड माउंट' केला, म्हणजे दुसऱ्या जागी पुन्हा दाखवला. साधं बाइंड पोटातल्या इतर डिस्का सोबत आणत नाही, त्यामुळे झाकलेलं उघडं पडतं.

बॅकअपच्या फोल्डरात 41 जीबी. वर्षवार लावलेले फोटो, माझीच मांडणी.

बॅकअपची कॉपी करणारं आरसिंक '-ए' लावलं की मूळ तारखा जपतं, म्हणून फाइलींवरून काही कळेना. 'स्टॅट'ने चेंज टाइम (फाइलीची नोंद शेवटची बदलली ती वेळ) बघितला: जूनमधली एकच रात्र, 2 ते 3च्या दरम्यान. लख्ख आठवलं. पहिल्या मोठ्या पावसात लाईट गेली, परत आली, सर्व्हर आपोआप चालू झाला. बॅकअपच्या यूएसबी डिस्कच्या अडॅप्टरची पिन मात्र सैल होती, ती आलीच नाही. एफएसटॅबमध्ये (डिस्का जोडायच्या यादीत) 'नोफेल', म्हणजे डिस्क नसली तरी चालेल, असं असल्यामुळे बूट अडलं नाही, आणि रात्री 2 च्या बॅकअपने त्या रिकाम्या फोल्डरात सगळे फोटो ओतले. दुसऱ्या दिवशी मी पिन घट्ट केली, डिस्क माउंट केली आणि 41 जीबी खाली गाडले गेले.

फोटो आहेत, त्यामुळे थेट पुसवेना. आरसिंकला चेकसम (फाइलींचा मजकूरच ताडणं) आणि ड्राय-रन (प्रत्यक्ष काही न बदलणं) लावून ही प्रत खऱ्या बॅकअपशी ताडून बघितली. दोन तास लागले. तिथे नाही असं एकही चित्र निघालं नाही, मगच पुसलं. वापर 58.

रविवार, दुपार

आता नेहमीची साफसफाई. 'एपीटी क्लीन'ने, म्हणजे उतरवलेल्या पॅकेजच्या फाइली काढून, 1.3 जीबी. जर्नल, म्हणजे सिस्टिमचा लॉग, मूळ सेटिंगमध्ये डिस्कच्या 10 टक्क्यांपर्यंत वाढतं, वर 4 जीबीची मर्यादा असते. माझं जवळपास तिथेच होतं, 500 एमबीवर आणलं.

मोठा घास डॉकरचा निघाला. डॉकर प्रत्येक अ‍ॅप वेगळ्या कंटेनरमध्ये चालवतं, आणि कंटेनर इमेज नावाच्या साच्यावरून बनतो. कंटेनरच्या जेसन लॉगवर मूळ सेटिंगमध्ये मर्यादाच नसते, आणि एका कंटेनरचा लॉग 11 जीबी झाला होता. तो ट्रंकेट केला. डॉकरच्या सेटिंगच्या फाइलीत 10 एमबीच्या 3 फाइली अशी मर्यादा घातली. ही मर्यादा नव्या कंटेनरनाच लागते, त्यामुळे सगळे कंटेनर पुन्हा तयार केले.

जुन्या इमेज काढताना 'सिस्टम प्रून' (बिनवापराचं सगळं काढणारी कमांड) मुद्दाम टाळलं. डेटाबेसचा कंटेनर तेव्हा बंद होता, आणि बंद कंटेनर प्रूनच्या लेखी कचराच. 'इमेज प्रून -ए' बंद कंटेनरची इमेजही वापरात धरतं, म्हणून तेच चालवलं: 9 जीबी. डॉकर इमेज जिथे ठेवतं त्या ओव्हरले2च्या फोल्डरात हाताने काही पुसू नका, कोणी कितीही सांगितलं तरी.

वापर 33 जीबी. डेटाबेस सुरू झाला, आईचे फोटो चढायला लागले.

रविवार, संध्याकाळ

हे परत होऊ नये म्हणून बॅकअप स्क्रिप्टच्या पहिल्याच ओळीत 'माउंटपॉइंट -क्यू' घातलं: डिस्क नसेल तर तिथेच थांब. शिवाय डिस्क अनमाउंट करून रिकाम्या फोल्डरला 'सीएचअ‍ॅटर +आय' ही बदल रोखणारी खूण लावली. आता त्या फोल्डरात रूटसुद्धा काही लिहू शकत नाही, पण डिस्क माउंट करायला अडचण येत नाही.

मग अडॅप्टरची पिन काढली आणि स्क्रिप्ट हाताने चालवली. पहिल्या ओळीवर थांबली. ती ओळ तात्पुरती बंद करून पुन्हा चालवली, तर आरसिंकला एकही फाइल लिहिता आली नाही, परवानगी नसल्याचं सांगून ते बाहेर पडलं. पिन लावली, डिस्क माउंट केली, बॅकअप नीट झाला.

राहिलेलं काम: वापर 80 टक्क्यांवर गेला की फोनवर संदेश यायला हवा. आणि त्या डिस्कचा अडॅप्टर इन्व्हर्टरच्या बोर्डावर घ्यायचाय.