मावशी, जरा बाजूला

रविवार, रात्र

चौसष्ट फोटो काढले. एकही बघवत नाहीये.

सकाळची पहिली लाँच धरून घारापुरी गाठली. लेण्यांपाशी न थांबता सरळ तोफांच्या टेकडीवर. ब्रिटिशांनी मुंबई बंदराच्या राखणीला बसवलेल्या त्या दोन तोफा, आणि खालच्या भुयारी खोल्या. आत शिरलं की घाम एकदम गार पडतो, भिंतीला हात लावला की ओल बोटांना लागते. दारातून तिरीप आत येते, ती फार वेळ राहत नाही. तिच्यासाठीच गेले होते. नेमकी त्या तिरपेत एक मावशी पाटी घेऊन बसलेली. कैऱ्या, काकड्या, मिठाची पुडी.

"मावशी, जरा बाजूला व्हाल का? फोटोत येताय."

ती काही बोलली नाही. एक हात गुडघ्यावर, एक पाटीला, अशी उठली आणि उन्हात जाऊन बसली.

नीलू फोनवर म्हणाली, एवढं काय त्यात. तिचं बरोबरच असेल. पण ती गुडघ्यावर हात टेकून उठली, ते डोळ्यांपुढून जात नाही.

परवा १४ एप्रिल. १९४४ साली याच तारखेला मुंबईच्या व्हिक्टोरिया गोदीत फोर्ट स्टिकिन ही मालवाहू बोट स्फोटाने फुटली. एकाच बोटीत कापसाच्या गासड्या आणि सुमारे १४०० टन स्फोटकं. समुद्रावर पहारा होता, आग गोदीतच लागली. आजोबा त्या दिवसाबद्दल कधी बोलले नाहीत. मी मात्र वर्षानुवर्षं त्या दुसऱ्या महायुद्धाच्या खुणा शोधत फिरते, दर रविवार त्यात घालवते, आणि हाती काय लागतं? रिकाम्या भिंती. आज लाँचमध्ये रडूच आलं.

निघताना कैऱ्या घेतल्या. मावशीनेच विचारलं, "आला का चांगला?" मग म्हणाली, पावसात आम्ही शेरडं बांधायचो इथं. आत मिट्ट काळोख, पण तेव्हा घरात तरी कुठं दिवा होता? बेटावर वीज आली २०१८ला, समुद्राखालून ७.५ किलोमीटर केबल टाकून. त्या सालचं ती असं सांगत होती, जसं घरातलं लग्न सांगावं.

आणि मी फोल्डरला नाव दिलं होतं 'ओसाड'.

खोडलं आत्ता. दुसरं सुचत नाही, राहू दे बिननावाचं. जून लागायच्या आत पुन्हा जाईन, आधी विचारीन, बसा म्हणाली तर तिच्याशेजारी बसेन. फोटो झाला तर झाला.

डाळ भिजत घातली आहे. उद्या आंबेडाळ.