तुम्ही विचारलंत म्हणून: फुगा छातीत, मग सही पायांसाठी का?

महाधमनी, म्हणजे हृदयातून निघून छाती-पोटातून खाली जाणारी सर्वांत मोठी रक्तवाहिनी, एखाद्या जागी फुग्यासारखी फुगली की मोठं ऑपरेशन करावं लागतं. त्याआधी 'दोन्ही पाय लुळे पडू शकतात' या ओळीखाली सही मागितली की नातेवाईक विचारतात, "मॅडम, फुगा तर छातीत आहे ना?" आमच्यातलेच काही म्हणतात, "एवढं घाबरवता कशाला?" मी भूलतज्ज्ञ आहे. ही सही जबाबदारीतून अंग काढून घेण्यासाठी असते, हे ऐकून मला खरंच त्रास होतो.

पाय हलतात ते पाठीच्या कण्यातल्या मज्जारज्जूमुळे, आणि त्याला रक्त देणाऱ्या बारीक धमन्या याच महाधमनीतून फुटतात. त्यातली सगळ्यात मोठी बहुतेकांत डावीकडे, छातीच्या खालच्या मणक्यांपाशी असते. फुगलेला भाग काढून कृत्रिम नळी शिवताना या फांद्यांचं रक्त तुटतं. त्यातल्या काही पुन्हा जोडता येतात, सगळ्या नाही. फुगा छातीपासून थेट पोटात उतरलेला असेल तर धोका सर्वांत जास्त.

मग या ऑपरेशनसाठी आम्ही पाठीत एक बारीक नळी घालतो, ती कशाला? मज्जारज्जूभोवतीच्या पाण्याचा दाब वाढला की आत येणारं रक्त अडतं. म्हणून त्या नळीतून पाणी थोडं थोडं काढायचं आणि बीपी चढं ठेवायचं. ह्यूस्टनच्या डॉक्टरांनी 2002 मध्ये प्रसिद्ध केलेल्या चाचणीत नळी नसलेल्या गटात 13 टक्के रुग्णांचे पाय गेले किंवा कमजोर झाले, नळी असलेल्यांत 2.6 टक्के. फरक मोठा आहे, पण शून्य कुठेच नाही. शिवाय पाणी भराभर काढलं तर मेंदूभोवती रक्तस्राव होऊ शकतो.

एक निवृत्त एसटी ड्रायव्हर होते. भूल उतरल्यावर त्यांनी माझ्या तळहातावर दोन्ही पाय जोरात दाबून दाखवले. बाहेर येऊन मी त्यांच्या पत्नीला सांगितलं, पाय हलतायत. दुसऱ्या रात्री हृदयाचे ठोके अनियमित झाले आणि बीपी उतरलं. सिस्टरने ते लगेच सावरलं, तरी तासाभरात तिचा फोन आला, "मॅडम, पेशंट पाय उचलत नाहीयेत." आम्ही औषध वाढवून बीपी आणखी चढवलं, रक्त दिलं, पाठीतून पाणी काढलं. मी पायाशी उभी राहून म्हणत होते, "काका, अंगठा हलवा." ते स्वतःच्या पायांकडे बघत राहिले. पहाटे डावा अंगठा हलला. उजव्यात ताकद फार थोडी आली. आज ते वॉकरवर चालतात, लघवीची नळी सुटलेली नाही. पत्नीने तेव्हा विचारलं होतं, "काल तर हलत होते ना?" हो, हलत होते. पाय उशिराही जातात, कधी काही दिवसांनीसुद्धा.

पूर्वी मी 'सहसा काही होत नाही' एवढंच म्हणायचे. माणूस आदल्या रात्री निवांत झोपला पाहिजे, हे माझं तेव्हाचं म्हणणं मला आजही पूर्ण खोडता येत नाही. तरीही आता मी सगळं सांगते. दोन टप्प्यांत ऑपरेशन केलं तर मधल्या काळात मज्जारज्जूला आजूबाजूच्या रक्तवाहिन्यांची सवय होते, हेही सांगते. पण त्या काळात फुगा फुटला तर? सर्जन आणि मी यावर दर पेशंटमागे वाद घालतो.

सही देताना एवढंच ध्यानात ठेवा: ऑपरेशननंतर पाय जड वाटले, मुंग्या आल्या, तर राउंडची वाट पाहू नका. रात्री तीन वाजता का असेना, सिस्टरला लगेच सांगा.